परमुलखातला पाठीराखा

मराठीत खेळाच्या वेडाला शब्द पुष्कळ आहेत. ते वेड घेऊन परगावी जाणाऱ्या माणसाला मात्र नेमका शब्द नाही. 'शौकीन' म्हणावे तर त्यात थोडा विलास आला. 'रसिक' म्हणावे तर रसिक हा उभय पक्षांच्या गुणांचा भोक्ता, आणि आपल्या माणसाला तर आपलाच पक्ष जिंकायला हवा असतो. त्यातल्या त्यात 'पाठीराखा' हा जवळचा. पाठीराखा म्हणजे मूळचा भाऊ, बहिणीच्या पाठीशी उभा राहणारा. तो बहिणीच्या सासरी जातो तेव्हा तेथे त्याला मान असतो, अधिकार मुळीच नसतो. आपल्या संघामागे परमुलखात गेलेल्या माणसाची स्थिती नेमकी हीच असते.

इटलीत या माणसाची रीतसर व्यवस्था लावून दिलेली आहे. तेथील फुटबॉलच्या क्रीडांगणांत परगावच्या पाठीराख्यांसाठी वेगळा, कठड्या-जाळ्यांनी बंदिस्त केलेला भाग असतो. त्याला 'सेत्तोरे ओस्पिती', म्हणजे 'पाहुण्यांचा विभाग', असे मोठे सौजन्यपूर्ण नाव आहे. २००७ साली कातानिया येथे सामन्याच्या वेळी झालेल्या दंग्यात एक पोलीस अधिकारी मृत्यू पावला, आणि त्यानंतर या पाहुण्यांवरील निर्बंध अधिकच कडक झाले. स्वतःच्या गावच्या घंटाघराची सावली पडते तेवढेच जग आपले मानण्याच्या वृत्तीला इटालियन भाषेत 'काम्पानिलिस्मो' असा खास शब्द आहे. आपण 'शिवेचा अभिमान' म्हणू. पण भाषेच्या अभ्यासकास खरी मौज वाटेल ती 'ओस्पिते' या शब्दाची. या एकाच शब्दाचे पाहुणा आणि यजमान असे दोन्ही अर्थ होतात. कोण कोणाच्या घरी आला आहे हे त्या शब्दावरून कळत नाही. संदर्भावरून ताडावे लागते. हा शब्द मला इटलीत नव्हे, लखनौत उपयोगी पडला.

आपल्याकडील देशांतर्गत क्रिकेटला पाहुण्यांचा विभाग नाही, कारण पाहुणेच नाहीत. रणजी सामन्याला घरचे प्रेक्षक जमण्याची मारामार, तेथे परगावचे कोठून येणार? तरीही २०२४ च्या सप्टेंबरअखेर, सत्तरी गाठलेला आणि भाषा शिकविण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला प्रस्तुत लेखक मुंबईच्या संघामागे लखनौला निघाला. घरच्या मंडळींनी विशेष विरोध केला नाही. "पाच दिवस घरात शांतता राहील," एवढेच उद्गार कानी आले.

निमित्त होते इराणी करंडकाचे. रणजी स्पर्धेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९५९-६० च्या हंगामात, रणजी विजेता विरुद्ध शेष भारत असा हा सामना सुरू झाला. मुंबईने मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून रणजी करंडक ४२ व्या वेळी जिंकला होता. इराणी करंडक मात्र १९९७-९८ नंतर तिच्या हाती लागला नव्हता. सामना मुंबईतच व्हायचा होता. पावसाळा लांबला आणि तो लखनौला हलविण्यात आला. 'मुंबई विरुद्ध शेष भारत' ही शब्दयोजना मला फार आवडते. जगाची अशी विभागणी मुंबईचा माणूस रोज मनात करीतच असतो; क्रिकेट मंडळाने तिला अधिकृत रूप दिले इतकेच.

जाण्यामागे आणखी एक कारण होते. गिरगावातल्या आमच्या चाळीत माझा एक मित्र होता. १९९१ च्या मे महिन्यात हरियाणाने रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईला अवघ्या २ धावांनी हरविले, आणि १३९ धावांवर नाबाद राहिलेल्या दिलीप वेंगसरकरांना अश्रू आवरेनात, तेव्हा आम्ही दोघे वानखेडेवर शेजारी शेजारी बसलो होतो आणि एकमेकांकडे पाहायचे टाळीत होतो. या मित्राची एक सवय होती. सामन्याच्या आदल्या दिवशी तो वर्तमानपत्रातून मुंबईच्या संघाची यादी कापून घेई आणि मराठी आडनावांखाली पेन्सिलीने रेघा मारी. त्यात द्वेष नव्हता. घरात भांडी मोजून ठेवतात तशी ती मोजदाद होती. वर्षे गेली तशा रेघा कमी होत गेल्या. त्याचे सामन्याला येणे कमी झाले नाही. पुढचा इराणी सामना जेथे असेल तेथे जाऊन पाहायचा, असे आमचे ठरले होते. तो गेला, ठरलेले मागे राहिले.

पुष्पक एक्सप्रेस ही गाडी मुंबई आणि लखनौ यांच्यामध्ये धावते. भुसावळ, भोपाळ, झाशी, कानपूर अशी जवळपास चोवीस तासांची वाट. नवरात्र तोंडावर आलेले. डब्यात सुतार होते, रंगारी होते, इमारतींवर फरशी बसविणारे होते, भिवंडीच्या मागावरचे होते. कोणी शिलाई यंत्राचे डोके गोणपाटात बांधून घेतले होते, कोणी पोरांसाठी सायकल. सगळे घरी चालले होते. त्या डब्यात परगावी जाणारा बहुधा मी एकटाच.

लखनौचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. इमामबाडे, रेसिडेन्सीचे भग्नावशेष, चौकातले कबाब आणि चिकनचे कापड यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि सकाळी साडेनऊला मैदानात हजर राहू इच्छिणाऱ्या माणसाला नबाबी सवयी परवडत नाहीत. एकाना क्रीडांगण शहराच्या कडेला, शहीद पथाला लागून आहे. २०१८ साली तेथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि त्याच वेळी त्याला अटलबिहारी वाजपेयींचे नाव देण्यात आले. पन्नास हजार माणसे मावतील एवढे ते अवाढव्य. त्यात आम्ही काही शे प्रेक्षक म्हणजे मोठ्या परातीत विखुरलेले चार पोहे.

१ ऑक्टोबरला नाणेफेकीसाठी मैदानात आलेले दोघेही मराठी होते. मुंबईचा अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यात जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला. शेष भारताचा ऋतुराज गायकवाड पुण्याचा. पुणे शेष भारतात मोडते, ही गोष्ट मुंबईकरास नवी नाही. ऋतुराजने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि मुकेशकुमारने तासाभरातच ३ बाद ३७ अशी मुंबईची अवस्था करून टाकली. आजूबाजूचे लोक खूश दिसले. त्यांनी खूश असावे हे न्यायाचेच होते. उत्तर प्रदेश हा शेष भारताचाच भाग. त्या संघात उत्तर प्रदेशकडून खेळणारे यश दयाल आणि ध्रुव जुरेल होते. मी मनातल्या मनात माझ्याभोवती कठडा घालून घेतला आणि त्यात पाहुण्यासारखा गुमान बसलो.

तो कठडा दुपारी मोडला. श्रेयस अय्यर ५७ धावा करून परतला आणि सरफराज खान मैदानात उतरला. इतका वेळ मुंबईच्या फजितीवर हसणारी माणसे उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मला क्षणभर उमजेना. माझ्या मागच्या पायरीवरचा एक तरुण शेजाऱ्याला सांगत होता, "आजमगढ का लडका है."

सरफराजचे घराणे आझमगढचे. तो वाढला मुंबईत. मधल्या काळात तो मुंबई सोडून उत्तर प्रदेशाकडून खेळला, पुन्हा मुंबईस परतला, आणि जानेवारी २०२० मध्ये वानखेडेवर त्याने नाबाद ३०१ धावा केल्या त्या उत्तर प्रदेशाविरुद्धच. एवढी वळणे एखाद्या कादंबरीत घातली तर समीक्षक आक्षेप घेतील. शिवाय या सामन्यावर एक सावली होती. काही दिवसांपूर्वीच त्याचा धाकटा भाऊ मुशीर, जो मुंबईच्याच संघात असायचा, वडिलांबरोबर आझमगढहून लखनौकडे येत असता मोटारीच्या अपघातात सापडला होता आणि मानेला दुखापत होऊन खेळाला मुकला होता. टाळ्यांमध्ये त्याचीही कणव असावी. सरफराज स्वतः कानपूरच्या कसोटीसाठी निवडलेल्या भारतीय संघातून मोकळा होऊन येथे आला होता. पहिल्या दिवसाअखेर मुंबई ४ बाद २३७. रहाणे ८६, सरफराज ५४.

सायंकाळी क्रीडांगणाबाहेरच्या रस्त्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीचे मालक साठीच्या आसपासचे, पांढऱ्या दाढीचे, नीटस गृहस्थ. बन-मस्का लखनौत बंद-मक्खन होतो, तो त्यांनी तव्यावर शेकून पुढे ठेवला आणि विचारले, "कहिए साहब, हमारी मुंबई कहाँ तक पहुँची?"

मी धावसंख्या सांगितली. परंतु ज्याने उभे आयुष्य मुलांना सर्वनामे शिकविण्यात घालविले त्या माणसाला त्या प्रश्नातले एक सर्वनाम टोचून राहिले. मराठीची एक श्रीमंती अशी की, तिच्यात 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण' म्हटले की तो आत आला. 'आम्ही जेवतो' आणि 'आपण जेवू या' यांत सगळा फरक पानाचा आहे. गुजरातीत आणि दक्षिणेकडच्या भाषांतही हा भेद आढळतो. हिंदीला तो नाही. तिचे 'हम' दोन्हीकडे लागते. लखनौत तर माणूस एकटा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो. मग 'हमारी मुंबई'चे मराठी काय करायचे? 'आमची मुंबई' ही घोषणा मी लहानपणापासून भिंतींवर वाचली आहे. 'आपली मुंबई' असेही म्हणतात, पण घोषणा म्हणून दुमदुमते ती 'आमची'च. या गृहस्थांचे 'हमारी' त्यांपैकी कोणते, हे व्याकरणावरून ठरत नव्हते.

पैसे देताना मी पाचशेची नोट काढली. ते चटकन म्हणाले, "सुट्टे द्या."

हा मराठीचा पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी आणखी निघाले: 'पुढे चला', 'रिकामी नाही', 'मीटरप्रमाणे'. बाराबंकीकडच्या एका गावातून ते विशीत मुंबईला गेले, सोळा वर्षे काळी-पिवळी टॅक्सी चालविली, जोगेश्वरीला एका खोलीत पाच जण राहिले. मुंबईचे सामने त्यांनी पाहिले नव्हते. सामन्याला चाललेली आणि सामन्याहून परतणारी गिऱ्हाइके चर्चगेटपासून नेली-आणली होती. "जो जीतके आता था वो बख्शीश देता था," ते म्हणाले. मुंबईच्या जयावर ज्याची प्राप्ती अवलंबून होती अशा माणसाला पाठीराखा म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

"आप मुंबई में कहाँ रहते हैं?" त्यांनी विचारले.

गिरगावची आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि आम्ही हप्त्यांच्या हिशेबाने सरकत सरकत बदलापूरला पोहोचलो, त्याला बरीच वर्षे झाली. मी म्हणालो, "बदलापूर."

ते प्रसन्नपणे हसले. "वो तो बंबई के बाहर है, साहब."

यावर कोणताही युक्तिवाद शक्य नव्हता. भूगोल त्यांच्या बाजूचा होता.

२ ऑक्टोबर हा सरफराजचा दिवस. रहाणे ९७ वर बाद झाला. शतक तीन धावांनी हुकले याची हळहळ साऱ्या मैदानाला वाटली. नंतर कोटियनने ६४ धावा करून साथ दिली. शार्दूल ठाकूर तर अंगात ताप असताना फलंदाजीला आला आणि ३६ धावा काढून रुग्णालयात गेला. सरफराजने द्विशतक पुरे केले तेव्हा मुंबईच्या फलंदाजाचे इराणी करंडकातले ते पहिलेच द्विशतक ठरले. ज्या संघाने एके काळी लागोपाठ पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, ज्यातून वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर निघाले, त्याच्या नावावर ही नोंद नव्हती. ती आझमगढच्या घराण्यातल्या मुलाने लखनौला येऊन केली. दिवसअखेर तो २२१ वर नाबाद होता.

त्या सायंकाळी टपरीवर गर्दी नव्हती. मी सहज विचारले, मुंबई सोडली कशाला? त्यांनी चहा गाळणे थांबविले नाही. २००८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांवर मुंबईत हल्ले झाले ते दिवस. एका सिग्नलला चार मुलांनी गाडी अडवली, नाव विचारले, गाव विचारले, आणि पुढची काच फोडली. अंगाला खरचटलेसुद्धा नाही. "शीशा ही तो था, साहब. शीशा दूसरा लग जाता है." पेला माझ्यापुढे ठेवून ते पुढे म्हणाले, "लगवा भी लिया. दो महीने चलाई भी. फिर मन नहीं लगा."

त्या मुलांची मराठी त्यांना आठवत होती. ती त्यांनी मला म्हणून दाखविली नाही. आठवते एवढेच सांगितले. 'सुट्टे द्या' आणि 'पुढे चला' यांच्याच शेजारी ती त्यांच्या मनात कोठेतरी असणार. ज्या भाषेचे अध्यापन करून मी घर चालविले तिचे कोणते रूप कोणाच्या पदरी पडते, याचा हिशेब कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. मी चहा प्यायलो. काय बोलावे ते मला सुचले नाही, आणि मी काही बोलावे अशी त्यांची अपेक्षाही दिसली नाही. त्यांनीच विषय बदलला: "कल तीन सौ करेगा क्या?"

नाही केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचा डाव ५३७ वर आटोपला आणि सरफराज २२२ वर नाबाद राहिला.

परंतु ३ तारखेला आणखी एक नाव पुढे आले. मुंबईकडून पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळणारा जुनेद खान हा जलद गोलंदाज. कन्नौजहून कामधंद्यासाठी मुंबईला आलेला हा तरुण, काही काळ रिक्षा चालवून पोट भरलेला. त्याने पहिलाच बळी घेतला तो ऋतुराजचा, ९ धावांवर. म्हणजे कन्नौजच्या मुलाने मुंबईसाठी पुण्याच्या मुलाला लखनौत बाद केले. मी कोणत्या बाजूने टाळ्या वाजविल्या हे उघड आहे. पण टाळ्या वाजविताना मित्राच्या पेन्सिलीची आठवण झाली. ही बातमी टपरीवर सांगितली तेव्हा मालकांनी कपाळावर हात मारला. "रिक्षावाला! अरे, रिक्षावालों ने तो हमारा धंदा मारा था। चलिए, आज माफ किया।"

त्याच दिवशी घटस्थापना होती. आणि त्याच दिवशी सायंकाळी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याचे वृत्त आले. तिच्याबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही. ज्या घटकेची आम्ही मराठीच्या अध्यापकांनी कित्येक वर्षे वाट पाहिली ती आली तेव्हा मी शहीद पथाच्या कडेला लाकडी बाकावर एकटा बसलो होतो, आणि भोवती मराठी जाणणारा एकच माणूस होता. मी त्यांना सांगितले. अभिजात म्हणजे काय तेही सांगितले: फार जुनी, स्वतंत्र परंपरा असलेली, श्रेष्ठ वाङ्मय असलेली भाषा.

"मुबारक हो," ते उठून म्हणाले. हात पुसून त्यांनी माझा हात हातात घेतला. मग विचारात पडून म्हणाले, "लेकिन साहब, पहले नहीं थी क्या?"

या प्रश्नावर मी एक परिसंवाद घेऊ शकलो असतो.

खेळ संपल्यावर एक-दोन सायंकाळी मी गावात जाऊन आलो. लखनौत 'भातखंडे' हे स्थलनाम आहे. ई-रिक्षावाल्याला 'भातखंडे' म्हटले की तो कैसरबागेकडे वळतो. वाळकेश्वरला जन्मलेले, वकिली केलेले एक मुंबईकर गृहस्थ त्या नावामागे आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि नसावेही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून, उस्तादांच्या घरोघर जाऊन, पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवलेल्या चिजा मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापून सर्वांना मोकळ्या केल्या. १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच प्रेरणेने. मॅरिस कॉलेज हे त्याचे मूळचे नाव. पुढे श्रीकृष्ण रातंजनकर या दुसऱ्या मुंबईकराने तेथे दीर्घकाळ प्राचार्यपद भूषविले. क्रमिक पुस्तकांची विवेचनाची भाषा मराठी, चिजांची बोली बहुतेक ब्रज. त्या चिजा कोणाच्या, असे विचारले असता भातखंड्यांनी कोणते सर्वनाम वापरले असते, याचा विचार करीत मी इमारतीसमोर थोडा वेळ उभा राहिलो. आतून तानपुऱ्याचा सूर वगैरे ऐकू आला असता तर लेखाला बरे झाले असते. रस्त्यावर भोंगे वाजत होते.

विद्यापीठाचे मैदान गोमतीच्या काठी आहे. १९५२ च्या ऑक्टोबरात भारत-पाकिस्तान मालिकेतली दुसरी कसोटी तेथे झाली, तागाच्या मॅटिंगवर. हजारे आणि मंकड त्या सामन्यात नव्हते. भारताचा पहिला डाव १०६ धावांत गडगडला. नझर महंमदने सलामीला येऊन अखेरपर्यंत नाबाद राहात १२४ केल्या, आणि पाकिस्तानने एक डाव ४३ धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळविला. भारताचे १२ बळी घेणारा फझल महमूद १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात निवडला गेला होता. फाळणी झाली आणि तो गेला नाही. पाकिस्तानचा कर्णधार कारदार १९४६ साली भारताकडून इंग्लंडला खेळून आलेला. त्या सामन्याला आलेल्या लखनौकराने पाहुणा कोणाला म्हणायचे होते? इटालियन शब्द मला आठवला तो तेथे, गोमतीच्या बांधावर.

असो. ४ तारखेस अभिमन्यू ईश्वरन १९१ वर आणि जुरेल ९३ वर, दोघेही थोड्या अंतराने बाद झाले, आणि ४ बाद ३९३ वर असलेला शेष भारत ४१६ वर गारद झाला. पहिल्या डावात १२१ धावांची आघाडी. सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आता मुंबईचा होता. पण मुंबईने दुसऱ्या डावात पृथ्वी शॉच्या ७६ धावांखेरीज काही केले नाही. दिवसअखेर ६ बाद १५३. पाचव्या दिवशी सकाळी सरफराज १७ वर गेला, पाठोपाठ आठवा बळी पडला, ८ बाद १७१. आघाडी २९२ आणि जवळजवळ पूर्ण दिवस शिल्लक. १९९१ च्या त्या २ धावा माझ्या पोटात पुन्हा ढवळू लागल्या.

तनुष कोटियन आणि मोहित अवस्थी खेळपट्टीवर होते. पहिले आडनाव तुळू मुलखातले. दुसरे तर या अवधातलेच. त्या दोघांखाली माझ्या मित्राच्या पेन्सिलीला रेघ मारायला जागा नव्हती. षटकामागून षटक ते उभे राहिले. उपाहार झाला, ऊन कलू लागले, सारांश जैन गोलंदाजी टाकून टाकून थकला. त्याने त्या डावात ६ बळी घेतले, पण सातवा मिळेना. कोटियनचे शतक झाले, अवस्थीचे अर्धशतक झाले. नवव्या जोडीने १५८ धावांची अभंग भागी केली आणि ८ बाद ३२९ वर डाव सोडून कर्णधारांनी हस्तांदोलन केले. २७ वर्षांनी इराणी करंडक मुंबईकडे आला. मी खिशातून कातरण काढले. संघाची यादी मीही सवयीने कापून आणली होती. पेन्सिल आणली नव्हती. तशीच घडी घालून ठेवून दिली.

टपरीवर अगोदरच बातमी पोहोचली होती. चहात त्या दिवशी वेलदोडा जास्त होता. मी पैसे काढले तर मालकांनी हात मागे घेतला. "जीतके आए हैं, बख्शीश तो हमें मिलनी चाहिए," मी ठेवलेली नोट परत माझ्याकडे सरकवीत ते म्हणाले, "लेकिन आप मेहमान हैं।" मग विचारले, "अब कहाँ?"

"बडोदा. अकरा तारखेपासून रणजीचा पहिला सामना."

त्यांनी माझा दूरध्वनी क्रमांक आपल्या वहीत उधारीच्या पानावर लिहून घेतला. मी बडोद्याला गेलो नाही. गुडघे दुखत होते. १४ ऑक्टोबरला मुंबई तेथे ८४ धावांनी हरली. दिवेलागणीच्या सुमारास बदलापूरला फोन वाजला.

"साहब, ये हमारी मुंबई को क्या हो गया?"